पंडिता रमाबाई : पुस्तकं लिहिणाऱ्या आणि छापणाऱ्या बायकांची गोष्ट

विद्यार्थी मित्रांनो, आजचा आपला पाठ पंडिता रमाबाईंविषयी आहे. सुरुवातीलाच एक गोंधळ दूर करू या. पुण्यात एकाच काळात दोन प्रसिद्ध रमाबाई होत्या. एक न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई रानडे, ज्यांचं नाव सेवासदनाशी जोडलेलं आहे. दुसऱ्या अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या पंडिता रमाबाई. परीक्षेत मुलं हमखास या दोघींची अदलाबदल करतात. गंमत म्हणजे या दोघी एकमेकींना चांगल्या ओळखत होत्या आणि काही काळ एकाच शिक्षिकेकडे, मिस हरफर्ड यांच्याकडे, इंग्रजी शिकत होत्या.

पंडिता रमाबाईंची माहिती देताना आपण शारदा सदन, मुक्ती सदन आणि विधवांसाठीचं कार्य एवढं लिहून थांबतो. त्या माहितीत एक गोष्ट फार तर अर्ध्या ओळीत येते. ती म्हणजे केडगावचा छापखाना. पुणे-दौंड लोहमार्गावरच्या या गावात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बायका आणि मुली खिळे जुळवत होत्या, यंत्रावर कागद छापत होत्या, पुस्तकं बांधत होत्या. त्यातल्या कितीतरी जणींनी मुक्तीत येण्याआधी पाटी हातात धरलेली नव्हती. आज मला या छापखान्याविषयीच जास्त सांगायचं आहे. पण रमाबाई तिथपर्यंत कशा पोहोचल्या हे कळलं नाही तर त्याचं मोल कळणार नाही, म्हणून आधी थोडं मागे जाऊ.

बालपण : रानातली शाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रांगेतल्या गंगामूळ इथे झाला. हा भाग आज कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री संस्कृतचे मोठे विद्वान. तरुणपणी ते पुण्यात शिकायला असताना त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात राणीला संस्कृत शिकवायला जात. एक बाई संस्कृत शिकते आहे, हे अनंतशास्त्रींनी तिथे पाहिलं आणि त्यांच्या मनाने ते घेतलं. आपल्याही घरात हे व्हावं असं त्यांना वाटू लागलं.

पुढे त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला सुरुवात केली. लोकांना हे रुचलं नाही. बाईला देवभाषा शिकवणं म्हणजे धर्म बुडवणं, असा तो काळ. शेवटी उडुपीला विद्वानांच्या सभेपुढे अनंतशास्त्रींना आपलं म्हणणं शास्त्राधाराने मांडावं लागलं. त्यानंतर ते गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथे विद्यार्थी येत, राहत, शिकत.

रमाबाई सहा महिन्यांच्या असताना हे घर सुटलं आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. तान्ह्या रमाला टोपलीत घालून नेलं, असं त्यांच्या चरित्रात येतं. मग वर्षानुवर्षं पायी प्रवास. देवळात पुराण सांगायचं, मिळेल त्या दक्षिणेवर राहायचं. रमाबाईंना शिकवलं त्यांच्या आईने. वडील तोवर म्हातारे झाले होते, त्यांची दृष्टी मंदावली होती. पहाटे उठून आई मुलीकडून श्लोक पाठ करून घेई. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना तोंडपाठ होते. शिकलेल्या आईची मुलगी कुठवर जाते, याचं याहून बोलकं उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

पुढे दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास दोघंच उरले. उपाशीपोटी, पायी, हजारो मैल फिरत ही भावंडं १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. दुष्काळात माणसाचं काय होतं हे रमाबाईंनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, स्वतःच्या अंगावर काढलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

कलकत्त्यात विद्वानांनी त्यांची परीक्षा घेतली आणि त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तेव्हा त्या अवघ्या वीस वर्षांच्या होत्या. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने वारले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. पदरात दहा महिन्यांची मुलगी. त्या पुण्याला आल्या.

पुस्तकाने काढून दिलेलं तिकीट

पुण्यात आल्यावर त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. शिक्षणाच्या चौकशीसाठी आलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली. मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका हव्यात आणि बायकांसाठी बाई डॉक्टर हव्यात, असं त्यांनी तिथे मांडलं. आणि त्याच वर्षी त्यांचं पहिलं पुस्तक निघालं, 'स्त्रीधर्मनीति'.

हे पुस्तक आज वाचायला जड जातं. भाषा संस्कृतने भरलेली आहे आणि उपदेश पुष्कळ आहे. नंतरच्या रमाबाई जितक्या परखड झाल्या, तितक्या त्या इथे दिसत नाहीत. पण या पुस्तकाने एक मोठं काम केलं. त्याच्या विक्रीतून आलेल्या पैशांवर त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. त्या काळी परदेशी शिकायला जायचं तर वडील, नवरा किंवा एखादा दाता पाठीशी लागे. रमाबाईंच्या पाठीशी त्यांचं पुस्तक होतं. एका विधवेने लिहिलं, छापलं, विकलं आणि बोटीचं भाडं भरलं.

इंग्लंडला जायचं ते डॉक्टर व्हायला. पण ऐकू कमी येत असल्यामुळे तो बेत सोडावा लागला. तिथे १८८३ च्या सप्टेंबरात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नंतर चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकल्या आणि तिथेच संस्कृत शिकवलंही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्यांच्या पदवीदानाला रमाबाई मुद्दाम अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई त्यांच्या नात्यातल्या. अमेरिकेत त्या किंडरगार्टन म्हणजे बालवाडीची पद्धत शिकल्या. (आमच्यासारख्या प्राथमिक शिक्षकांना याचं विशेष अप्रूप! वस्तू हाताळत, खेळत शिकण्याची पद्धत एका मराठी बाईने त्या काळात अमेरिकेत जाऊन शिकून घेतली होती.)

१८८७ मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' फिलाडेल्फियात प्रसिद्ध झालं. ते त्यांनी आपल्या आईला अर्पण केलं आहे आणि त्याची प्रस्तावना आनंदीबाईंच्या महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी लिहिली आहे. बालविवाह, सासरचा जाच, विधवेचे हाल, त्या वेळी गाजत असलेला रखमाबाईंचा खटला हे सगळं त्यात येतं. बायकांना तीन गोष्टी हव्यात, असं त्या पुस्तकाच्या शेवटाकडे मांडतात : स्वावलंबन, शिक्षण आणि याच देशातल्या शिक्षिका. पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या. बोस्टनमध्ये रमाबाईंच्या मदतीसाठी संस्था निघाली आणि तिने दहा वर्षं पैसे पाठवण्याचं कबूल केलं. पहिल्या पुस्तकाने बोटीचं भाडं दिलं, दुसऱ्याने शाळा दिली.

तिसरं पुस्तक त्यांनी आपल्या माणसांसाठी मराठीत लिहिलं. 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे त्याचं नाव, प्रसिद्धी १८८९. तिथल्या बायका काय शिकतात, कोणते धंदे करतात, संस्था कशा चालवतात हे त्यांनी बारकाईने टिपलं आहे. आणि नुसतं कौतुक नाही हं. काळ्या लोकांना आणि तिथल्या मूळ रहिवाशांना मिळणारी वाईट वागणूकही त्यांनी लिहून ठेवली आहे.

शारदा सदन आणि वादळ

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये एक विधवा मुलगी होती, गोदूबाई. पुढे १८९३ मध्ये त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. शारदा सदन १८९० मध्ये पुण्याला हलवलं गेलं.

तिथे वाद पेटला. शारदा सदनात कोणाच्या धर्मात ढवळाढवळ होणार नाही, असं ठरलेलं होतं. पण रमाबाईंच्या प्रार्थनेला काही मुली जाऊन बसतात, हे बाहेर कळलं. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात कोणाची बाजू बरोबर, असा प्रश्न वर्गात नेहमी येतो. माझं मत विचाराल तर दोन्ही गोष्टी खऱ्या मानाव्या लागतात. आपली मुलगी शिकायला पाठवली आणि तिचा धर्म बदलला तर, अशी भीती पालकांना वाटणं साहजिक होतं. आणि त्या मुलींसाठी त्या वेळी दुसरं कुठलं दार उघडं होतं, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. पण या वादाचा एक परिणाम असा झाला की पुढची तीस वर्षं रमाबाईंनी जे काम केलं, त्याच्याकडे मराठी समाजाने बऱ्याच अंशी पाठ फिरवली. केडगावचा छापखाना त्यातच झाकला गेला.

दुष्काळातल्या मुली

केडगावला रमाबाईंनी जमीन घेतली होती. फळबाग लावावी, तिच्या उत्पन्नावर संस्था चालावी, असा विचार. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाईंना स्वतःचे आईवडील आठवले असणार. त्या तिकडे गेल्या आणि उपासमारीने हाडं झालेल्या, रस्त्यावर पडलेल्या तीनशेच्या आसपास मुली आणि बायका घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ. एवढ्या जणींना शहरात ठेवता येईना. मग केडगावच्या माळावर आधी तंबू आणि झोपड्या, नंतर इमारती उभ्या राहिल्या. हेच मुक्ती सदन. १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिकडूनही मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

दोन हजार माणसांचं गावच झालं ते. शेती, गाईगुरं, तेलाचा घाणा, विणकाम, धुलाई, शिवण सगळं बायकाच करत. अंध मुलींसाठीही वर्ग होता. रमाबाईंची मुलगी मनोरमा परदेशातून ब्रेल शिकून आली होती, तिने या मुलींना बोटांनी वाचायला शिकवलं. आणि या सगळ्यात होता छापखाना.

छापखान्यातलं काम

आता मुलांनो, छापखाना म्हणजे काय ते नीट समजून घ्या. आज आपण मोबाईलवर टंकलेखन करतो आणि बटण दाबलं की प्रिंट येते. तेव्हा प्रत्येक अक्षरासाठी शिशाचा एक छोटा खिळा असे. हे खिळे लाकडी कप्प्यांच्या पेटीत ठेवलेले असत. समोर हस्तलिखित ठेवायचं, त्यातलं अक्षर वाचायचं, योग्य कप्प्यातला खिळा उचलायचा आणि ओळीत लावायचा. हे काम करणाऱ्याला जुळारी म्हणत.

इंग्रजीला सव्वीस अक्षरं. आपल्या मराठीचं तसं नाही. स्वर, व्यंजनं, काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं. ही पेटी भली मोठी असते आणि कुठला खिळा कुठल्या कप्प्यात हे हाताला पाठ असावं लागतं. त्यात खिळ्यावरचं अक्षर उलटं, आरशात दिसावं तसं. ओळ जुळवून झाली की पान बांधायचं, शाई लावून एक कच्ची प्रत काढायची. तिला मुद्रित म्हणतात. ते तपासून चुका दुरुस्त करायच्या, मग खरी छपाई. नंतर छापलेले कागद घड्या घालून, क्रमाने लावून, शिवून पुस्तक बांधायचं. आणि खिळे पुन्हा सुटे करून ज्याच्या त्याच्या कप्प्यात टाकायचे. एक खिळा चुकीच्या कप्प्यात पडला की पुढच्या पानावर चूक आलीच.

मी पहिलीच्या वर्गाला शिकवते, त्यामुळे मला यात एक गोष्ट फार मोठी वाटते. वाचायला शिकणं वेगळं आणि खिळे जुळवण्याइतकं वाचणं वेगळं. नुसतं वाचताना आपण शब्दाचा अंदाज बांधून पुढे जातो. खिळे जुळवताना अंदाज चालत नाही. ऱ्हस्व की दीर्घ, अनुस्वार आहे की नाही, हे प्रत्येक वेळी बघावंच लागतं. शुद्धलेखनाची याहून कडक शाळा नसेल. आणि मुक्तीतल्या मुली आल्या होत्या मध्य प्रांतातून, गुजरातेतून. अनेकींची घरची भाषा मराठी नव्हतीच. आधी भाषा शिकायची, मग लिपी, मग उलटी लिपी!

बरं, या बायका कोण होत्या? कोणी बालविधवा, कोणी दुष्काळात आईबाप गेलेली, कोणी घरातून टाकलेली. विधवेचं तोंड शुभकार्यात कोणी पाहत नसे. तिच्या हातचा शकुन वाईट मानत. त्याच हातांनी जुळवलेलं पान छापून बाहेर जात होतं आणि लोक ते वाचत होते. रमाबाईंनी तीन गोष्टींत स्वावलंबन आधी का घातलं होतं, ते या छापखान्यात दिसतं. शिवणकाम, विणकाम बायकांना कोणीही शिकवलं असतं. छापखाना हा पुरुषांचा धंदा मानला जाई. तो बायकांच्या हाती देणं हा रमाबाईंचा स्वतःचा विचार.

सोप्या मराठीसाठी

या छापखान्यातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे बायबलचा मराठी अनुवाद. मराठीत बायबल आधीपासून होतं. पण त्याची भाषा रमाबाईंना खटकत होती. ती संस्कृतने जड झालेली होती आणि त्यातले कितीतरी शब्द हिंदू तत्त्वज्ञानातून घेतलेले असल्याने अर्थाचा घोळ होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. खेड्यातल्या, जेमतेम वाचायला शिकलेल्या बाईला कळेल असं भाषांतर त्यांना हवं होतं.

म्हणून पन्नाशीच्या आसपास त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकायला घेतल्या. हिब्रू शिकणाऱ्यांसाठी मराठीतून व्याकरणही लिहिलं. ऐकू कमी येत होतं, प्रकृती साथ देत नव्हती, दोन हजार जणींचा संसार डोक्यावर होता. तरी पंधरा वर्षांहून अधिक काळ हे काम चाललं.

इथे थोडं थांबून बघा. ज्या रमाबाईंनी 'स्त्रीधर्मनीति' संस्कृतप्रचुर भाषेत लिहिलं, ज्यांना पंडिता ही पदवीच संस्कृतसाठी मिळाली, त्याच आता एकेक संस्कृत शब्द काढून साधा मराठी शब्द शोधत होत्या. आणि त्यांचा वाचक लांब नव्हता. तो तिथेच पेटीपुढे उभा राहून खिळे जुळवत होता.

या भाषांतराला पुढे किती वाचक मिळाले? खरं सांगायचं तर फार नाही. मंडळ्यांमध्ये आधीचं बायबलच चालत राहिलं. ख्रिस्ती नसलेल्या मराठी वाचकाने ते हातातच घेतलं नाही. ज्यांना त्यातला धर्म पटत नाही, त्यांनी तो मानू नये. पण मराठी मुद्रणाच्या इतिहासात एका बाईने मूळ भाषांतून भाषांतर केलेला आणि बायकांनी जुळवून, छापून, बांधलेला एवढा मोठा ग्रंथ दुसरा दाखवणं अवघड आहे. मराठी भाषा दिन आपण शाळेत साजरा करतो, तेव्हा या जुळारी बायकांचाही उल्लेख करायला काय हरकत आहे?

शेवटची वर्षं

१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद हे पदक दिलं. पण त्यानंतर दोनच वर्षांत त्यांच्यावर मोठा घाला पडला. संस्थेचा सगळा भार पुढे जिच्यावर सोपवायचा होता, ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये वारली. वय अवघं चाळीस. रमाबाई स्वतः थकल्या होत्या, पण मुद्रितं तपासणं सुरूच होतं. भाषांतराचं शेवटचं मुद्रित तपासून झालं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगावलाच त्यांचं निधन झालं.

छपाई तेव्हा पूर्ण झालेली नव्हती. मुक्तीतल्या बायकांनी ती चालू ठेवली. १९२४ मध्ये संपूर्ण बायबल छापून तयार झालं. बाई गेल्यानंतर दोन वर्षांनी, केडगावच्याच छापखान्यातून.